तेल पिणाऱ्या देवीचं वय

नागपूरच्या स्टेशनावर आमच्या नणंदबाई हसत उभ्या होत्या आणि तिथेच मला पहिला संशय आला. ज्या बाईच्या घरची देवी येत्या रविवारी नदीत सोडणार आहेत, जिच्या मेलेल्या नवऱ्याला अख्खं सासर चोर म्हणतंय, ती बाई हसते कशी?

"काहून वं सुमन, वाळली किती तू!" असं म्हणत त्यांनी माझी पिशवी ओढली. मी पिशवी सोडली नाही. सांगलीहून निघतानाच ठरवलं होतं, या खेपेला कशावरही चटकन विश्वास ठेवायचा नाही.

आधी प्रकरण सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल म्हातारी संत्री खायला गेली होती. (तीही खाल्ली.)

शकुंतलावन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. त्यांचं सासर उमरेडचं, विणकरांचं. माग केव्हाच थांबले, पण मागाच्या खोलीतली लाकडी देवी राहिली. हातभर उंचीची, काळीभोर, डोळे एवढे मोठे की तिच्यासमोर खोटं बोलताना जीभ अडखळावी. वन्सांचे यजमान भास्करराव घरात थोरले, म्हणून देवी त्यांच्याकडे. ते नागपूरला मनीषनगरात फ्लॅट घेऊन राहायला आले तेव्हा देवीही लिफ्टने तिसऱ्या मजल्यावर आली. भास्करराव जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांचे धाकटे भाऊ रमेशराव उमरेडलाच कापडाचं दुकान चालवतात. त्यांच्या मनात आलं, देवीसाठी गावात लहानसं देऊळ बांधावं आणि दारातल्या दगडावर तिचं वय कोरावं.

वय कोण सांगणार? तर आमची नात अनुजा. ती पुण्याच्या एका प्रयोगशाळेत तळ्यांच्या तळाचा गाळ तपासते. त्यात अडकलेल्या कोळशाच्या कणांचं, पानांच्या तुकड्यांचं वय काढायचं, आणि मग कुठल्या काळी पाऊस भरपूर होता, कधी तळी आटली होती ते जुळवायचं, असं काहीतरी. रमेशरावांनी देवीच्या पाठीची नखाएवढी ढलपी काढून तिच्याकडे पाठवली. अनुजाने ती तपासून घेतली. उत्तर आलं: लाकूड नवं आहे. तुमच्या-माझ्या हयातीतलं.

मग कुणाला तरी आठवलं, की पंधरा-एक वर्षांमागे देवीच्या हाताला तडा गेला म्हणून भास्करराव तिला खाप्याला एका सुताराकडे घेऊन गेले होते. महिनाभर देवी घरात नव्हती. परत आली तेव्हा तिचा चेहरा जरा वेगळाच वाटला होता म्हणे. पंधरा वर्षं कुणाला वाटला नाही, तो एकदम आता वाटला! म्हणजे खरी देवी विकली आणि खोटी आणून ठेवली. आणि खोटी मूर्ती घरात ठेवायची नसते. जिथून आली तिथेच, खाप्याला, कन्हान नदीत सोडायची. रविवार ठरला.

अनुजा रडवेली झाली होती. "आजी, माझ्या रिपोर्टमुळे झालं हे. तू चल माझ्याबरोबर. शकूआजीसमोर एकटी नाही उभी राहू शकत मी."

मी निघाले. खरं सांगू? धीर द्यायला नाही, बघायला. भास्करराव देवमाणूस होते, पण पत्ते खेळायचे.

मनीषनगर

सकाळी तर्री-पोहे आले. आमच्याकडे पोह्यांवर ओलं खोबरं पेरतात, वर लिंबाची फोड. इथे चण्याचा लालभडक रस्सा ओततात आणि तुमच्याकडे बघत उभे राहतात, की डोळ्यात पाणी केव्हा येतंय. मी पाणी येऊ दिलं नाही. नाकातून आलं.

पन्नास वर्षांपूर्वीची सुमन इथे पहिल्यांदा आली ती मे महिन्यात, नायलॉनची साडी नेसून आणि काळा चष्मा लावून. आपण बी.ए. आहोत हे तिने टांगेवाल्यालाही सांगितलं होतं. त्याच दिवशी नेमकं उमरेडच्या घरी देवीचं तेल होतं. म्हणजे असं, की वर्षातून एकदा घरच्या सगळ्या लेकीसुना मिळून जवसाचं कोमट तेल देवीच्या अंगात जिरेपर्यंत चोळायच्या. 'देवीला तेल पाजायचं' असंच म्हणतात. एरवीही रोज बोटभर द्यायचं. मागाच्या लाकडालाही तेच तेल लागायचं. माग चालतो तोवर घर चालतं, आणि देवी तेल पिते तोवर माग चालतो, असा त्यांचा हिशेब. पाहुणी म्हणून वाटी आधी सुमनच्या हातात दिली. त्या कोमट जवसाच्या वासाने बाईसाहेबांना जी उलटी झाली! वन्सांच्या सासूबाईंनी तोंडाला पदर लावून सगळ्यांकडे बघितलं, आणि तासाभरात गल्लीत संत्राबर्फी वाटली गेली. सुमनने खरं सांगितलं असेल असं तुम्हाला वाटतं? छे. तिला वाटलं, बी.ए. झालेल्या बाईला तेलाने उलटी झाली हे सांगण्यापेक्षा हे बरं दिसतं. मुक्काम संपेपर्यंत ती दूध-तूप खात पडून राहिली.

आता देवी स्टोअररूममध्ये होती, पाटावर, पांढऱ्या कापडात गुंडाळलेली. त्या दुपारी रमेशराव उमरेडहून आले. मला वाटलं होतं माणूस आरडाओरडा करेल. तो हातातला चहाचा कप नुसता फिरवत बसला.

"वहिनी, रविवारपर्यंत देवीले कोणी हात नाही लावायचा," जाताना म्हणाले. "पूजा नाही, काही नाही. खोट्याची पूजा करून आतापर्यंत लय हसू झालं आपलं."

"नाही लावत," वन्सं म्हणाल्या.

"दादानं असं कराव?" रमेशराव माझ्याकडे वळून म्हणाले. "मी त्याच्या खांद्यावर बसून जत्रा पाहिली ताई. मले विचारलं असतं तर दुकान दिलं असतं मी त्याले."

ते गेल्यावर वन्सांनी कप विसळले. चेहऱ्यावर काही नाही. मी मनात म्हटलं, बाई फार लवकर 'नाही लावत' म्हणाली.

कळमना

दुसऱ्या दिवशी वन्सं म्हणाल्या, "चाल, तुले संत्रीचा बाजार दाखवते." सांगलीत हळदीचा बाजार पाहिलेल्या बाईला बाजाराचं काय कौतुक, पण कळमन्याला उतरल्यावर मी गप्प झाले. संत्र्यांचे ढीग पायाशी असे पसरले होते, की वाटावं कुणीतरी सूर्य फोडून वाळत घातलाय. भाव ओरडणारे, गाड्या मागे घेणारे, साली फेकणारे. एकाने सोलून फोड हातावर ठेवली. "खा माय, पैसे नको देऊ." मी फोड उलटीसुलटी करून पाहिली. फुकट दिलेल्या फोडीत बी असणारच. होती.

या गडबडीत वन्सं नाहीशा झाल्या. मी आणि अनुजा संत्र्यांपाशी, आणि वन्सं धान्याच्या दुकानांच्या बाजूने परत आल्या तेव्हा त्यांच्या पिशवीत जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेलं काहीतरी होतं. वरून घाईघाईने संत्री भरलेली.

"काय हो वन्सं ते?"

"गुडघ्याले लावायचं तेल. ओळखीचा घाणीवाला हाय."

गुडघ्याला तेल लावायला एवढा मोठा डबा? एवढे गुडघे कुणाला असतात? ऑटोत बसल्यावर मी पिशवी मांडीवर घ्यायला हात पुढे केला. त्यांनी ती पदराखाली घेतली.

दगडांची रिंगणं

शनिवारी अनुजाने गाडी ठरवून आम्हा दोघींना शहराबाहेर नेलं. नागपूरच्या आसपासच्या माळांवर मोठमोठ्या दगडांची रिंगणं आहेत. अनुजा म्हणाली, अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीच्या लोकांनी आपल्या मेलेल्या माणसांसाठी मांडलेली. आम्ही म्हाताऱ्या काठाशी उभ्या राहिलो. वन्सं रिंगणाच्या आत पाऊल टाकेनात.

"दुसऱ्याचं घर हाय ते," त्या म्हणाल्या. "न विचारता कशी जाऊ?"

मी अनुजाला विचारलं, "तीन हजार हे कुणी सांगितलं? दगडाने?"

"दगड नाही बोलत आजी. कोळसा बोलतो. खाली कोळसा मिळतो, कधी हाड मिळतं. झाड काय, माणूस काय, जिवंत असेपर्यंत हवेतला कार्बन घेत असतात; झाड हवेतून, आपण खाण्यातून. त्यात अगदी थोडा एक प्रकारचा कार्बन असतो, तो आपोआप विरत जातो. जिवंत असताना नवा येत राहतो, म्हणून कळत नाही. मेल्यावर येणं बंद, विरणं चालू. साधारण पावणेसहा हजार वर्षांत निम्मा उरतो. किती उरलाय ते मोजायचं."

"आणि देवीच्या लाकडात?"

"कमी व्हायच्या ऐवजी जास्त निघाला." अनुजाने खाली बसून एक काटकी मोडली. "मागच्या शतकात उघड्यावर अणुबॉम्बच्या चाचण्या झाल्या ना, तेव्हा हवेत हा कार्बन जवळजवळ दुप्पट झाला. मग हळूहळू उतरला. त्या काळापासून जे जे उगवलं त्याच्यात तो आहे. तुझ्या दातांतसुद्धा असेल."

"माझे दात बसवलेले आहेत."

वन्सं हसल्या नाहीत. त्या रिंगणाकडे बघत होत्या. तशाच म्हणाल्या, "अनू, तुहं मशीन लाकूड खरं का खोटं सांगते. माणूस खरा होता का खोटा, हे सांगते का?"

अनुजा काटकीचे तुकडे करत राहिली. मी पहिल्यांदाच वन्सांच्या बाजूला जाऊन उभी राहिले. पण त्यांच्या पदराला वास येत होता. ओळखीचा. गुडघ्याचा नव्हे.

रविवार, उजाडताना

मला चार वाजता जाग येते, हे वय झाल्याचं लक्षण. आणि जाग आल्यावर मी पडून राहत नाही, हे माझं. स्वयंपाकघरात गॅस लागला आणि बंद झाला. पावलं स्टोअररूमकडे गेली. दार लोटल्याचा आवाज. मी अनवाणी मागोमाग.

दार पुरतं लागत नव्हतं, फट होती. मी डोळा लावला. वन्सं जमिनीवर बसल्या होत्या. पांढरं कापड बाजूला, देवी मांडीवर, लेकराला न्हाऊ घालताना घेतात तशी. शेजारी पितळी वाटी, तिच्यातून वाफ. वन्सं बोट बुडवून तेल देवीच्या पाठीवर चोळत होत्या आणि पुटपुटत होत्या. आधी मधे त्यांचा खांदा येत होता. मग त्या जरा बाजूला सरकल्या आणि सगळं नीट दिसलं.

मला काय वाटलं सांगू? दया नाही आली. मनात म्हटलं, सापडली! दिराला 'नाही लावत' म्हणून शब्द दिला, आणि रोज पहाटे चोरून हे चालतं! इतकी वर्षं मी या बाईला रंगेहाथ पकडायची वाट बघत होते, असा आनंद झाला. बावीस वर्षांची सुमन मरत नाही बघा, नुसते दात बदलते.

खापा

खाप्याला कन्हानचं पात्र रुंद आहे आणि माघात त्यात वाळूच जास्त. आमची कृष्णा घाटाला लागून वाहते, पायऱ्या उतरलं की पाय भिजतात. इथे पाण्यापर्यंत पोचायलाच वाळूतून चालावं लागतं. रमेशराव, त्यांची बायको आणि दोन-तीन नातलग आधीच आले होते. एका झाडाखाली गोवऱ्यांचा विस्तव करून त्यात रोडगे भाजायला घातले होते, वांग्याची भाजी शिजत होती. देवीला निरोप देताना उपाशी पोटी द्यायचा नाही, अशी इथली रीत. कणकेचे ते गोळे विस्तवातून काढून, राख झटकून, फोडून तुपात बुडवायचे. मी दु:खी चेहरा करून तीन खाल्ले.

जेवणं झाली. रमेशराव उठले. वन्सांनी देवी पदरात घेतली होती, ती द्यायला त्यांचे हात पुढे येईनात.

"द्या वहिनी."

"देते ना. थांब जरा."

"शकूआजी, मी एकदा बघू?" अनुजा म्हणाली आणि तिने कापड सोडलं. देवी उन्हात अशी चमकली, की सगळे क्षणभर मागे सरकले.

आता मी गप्प बसायचं होतं. पण सकाळपासून ते माझ्या पोटात उड्या मारत होतं. म्हटलं, "चमकेल नाहीतर काय! पहाटेच तेल पाजलंय तिला वन्सांनी. चोरून."

रमेशरावांचा चेहरा उतरला. "वहिनी? मी नाही म्हटलं होतं ना? तुम्ही शब्द दिला होता."

वन्सं वाळूकडे बघत राहिल्या. मला तेव्हा कुठे कळलं की मी काय केलं. पण अनुजा माझ्याकडे बघत होती.

"आजी, काय पाजलं म्हणालीस?"

"तेल गं. जवसाचं. रोज पाजतात. वर्षातून एकदा तर अंगात जिरेपर्यंत. मला नाही का त्या वेळी उलटी..."

"रोज?" तिचा आवाज चढला. "किती वर्षं?"

"माही सासू पाजे, तिची सासू पाजे," वन्सं म्हणाल्या.

"काका!" अनुजा रमेशरावांकडे वळली. "मी फोनवर विचारलं होतं तुम्हाला. लाकडावर रंग, पॉलिश, काही केमिकल लावता का?"

"अन् मी वहिनीले विचारलं. काही नाही लावत म्हणे."

"केमिकल कोन लावते देवीले?" वन्सं भडकल्याच. "तेल का केमिकल होय? जेवण होय ते तिचं!"

अनुजा मट्‌कन वाळूत बसली आणि हसायला लागली. की रडायला, मला सांगता आलं नाही. मग समजावून सांगू लागली. जवसाचं तेल लाकडात शिरतं आणि वाळून तिथेच घट्ट बसतं. दरवर्षीचं जवस दरवर्षीच्या हवेचं. ढलपी पाठीची होती, अगदी वरची. म्हणजे मोजलं गेलं ते लाकूड कमी आणि तेल जास्त. "तेल आहे हे माहीत असतं तर ते काढून मग मोजलं असतं. मी 'केमिकल' विचारलं. मी 'तेल' विचारायला हवं होतं."

"हे चांगलं हाय," एक नातलग म्हणाला. "पाण्यात सोडायची वेळ आली की नवं कारण."

रमेशरावही साशंक होते. "मग खरं कसं कळंल?"

"तळाकडून भोक पाडून अगदी आतलं लाकूड काढायचं. चिमूटभर. तिथे तेल पोचलं नसेल. तरी या वेळी धुऊनच मोजू."

"देवीले भोक?" रमेशरावांच्या बायकोने कानांवर हात ठेवले. रमेशरावही मागे सरले. "नाही नाही. पाप लागंल."

तेव्हा वन्सं बोलल्या. आवाज न चढवता.

"रमेश, बुडवायले निघाला होता ना गा तू हिले? अन् आता भोकाले भेतो?"

 शेवटी रमेशरावांनी कापड उचललं, देवीला गुंडाळलं आणि वन्सांच्या पदरात परत दिली. "मात्र उत्तर येईपर्यंत तेल नाही," म्हणाले.

"नाही," वन्सं म्हणाल्या. आणि मला वाटतं, या वेळी त्यांनी शब्द पाळला. कारण डबा निघताना त्यांनी माझ्या पिशवीत घातला. "तुह्या गुडघ्याले." मी वास घेऊन पाहिला. जवसच होतं. पन्नास वर्षांनी उलटी झाली नाही.

सांगली

उत्तर यायला पावसाळा उजाडला. अनुजाने आधी मला फोन केला, मग ती, मी, वन्सं आणि रमेशराव असे चौघं एकदम फोनवर आलो.

आतलं लाकूड चारशे वर्षांच्या आसपासचं निघालं, थोडं इकडे की थोडं तिकडे. 

"पण एक आहे," अनुजा म्हणाली. "हे झाडाचं वय आहे. मूर्ती कधी कोरली ते यावरून कळत नाही. देवळाच्या दगडावर चारशे कोरू नका काका."

मी लगेच म्हटलं, "म्हणजे एखाद्याने जुन्या वाड्याचं लाकूड घेऊन नवी मूर्ती..."

"आजी, गप्प बस. तेच सांगते. पहिल्या ढलपीत बॉम्बनंतरचा कार्बन इतका जास्त होता, की आता परत बघितल्यावर कळलं: अलीकडच्या तेलात एवढा नसतोच, हवेतला तो केव्हाच उतरलाय. तेवढा येतो फक्त चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या तेलातून. पंधरा वर्षांमागे आणलेल्या नव्या मूर्तीच्या अंगात ते तेल कुठून येणार? ही मूर्ती त्या वेळीही घरातच होती. तेल पीत होती."

म्हणजे ज्या तेलाने भास्कररावांना चोर ठरवलं, त्याच तेलाने सोडवलं.

"माह्या सासूनं पाजलेलं ते," वन्सं हळू म्हणाल्या.

 रमेशराव म्हणाले, "वहिनी, मी येतो उद्या. या खेपी वाटी मी धरतो." आणि फोन ठेवून दिला. बहुतेक रडायला.

अनुजाही गेली. फोनवर मी आणि वन्सं राहिलो. मला माफी मागायची होती, पण सवय नाही. म्हटलं, "वन्सं, त्या दिवशी नदीवर मी उगाच चुगली केली."

"उगाच काहून? त्याच्याचसाठी त बसली होती मी."

"म्हणजे?"

"दाराच्या फटीतून तुहा डोळा दिसला मले. म्हणून त बाजूले सरकून बसली, तुले नीट दिसाव म्हणून." त्या हसल्या, स्टेशनावर हसल्या होत्या तशाच. "मले मशीनचं काय कळते वं. पण खोट्या देवीले पहाटे उठून तेल कोन पाजते? हे मी सांगितलं असतं त कोणी ऐकलं नसतं. म्हटलं, सुमन पाह्यते ना, झालं मग. तिच्या पोटात कधी काही राह्यलं का?"

आणि पन्नास वर्षं मी समजत होते, पाळत मी ठेवतेय.